वाचकांचे प्रश्न : वॉटर पंपाची गळती आणि टायमिंगचा खर्च

प्रश्न : आमच्याकडे दहा वर्षांपूर्वी घेतलेली सात आसनी डिझेल गाडी आहे. तिचे ९२,००० किलोमीटर झाले आहेत. यजमान नोकरीनिमित्त बाहेरगावी असल्याने गाडी बहुतेक मीच चालवते. शहरातील ये-जा, अधूनमधून अक्कलकोट किंवा तुळजापूर आणि सणासुदीला पुणे, असा तिचा वापर आहे. गेल्या काही आठवड्यांपासून कूलंटच्या बाटलीतील पातळी खालच्या रेषेच्याही खाली जाते, मी पाणी घालते आणि चार-पाच दिवसांत पुन्हा तेच होते. सकाळी गाडी काढल्यावर पुढच्या उजव्या चाकाच्या आतील बाजूस फरशीवर गुलाबीसर डाग दिसतो. धाकटे दीर म्हणतात की ते एसीचे पाणी असेल. सासरे एके काळी ट्रकच्या गॅरेजात काम करीत असत. ते रेडिएटरमध्ये चमचाभर हळद घालायला सांगतात. एका गॅरेजने ‘वॉटर पंप गेला आहे, टायमिंगसकट सगळे बदलावे लागेल’ असे सांगून मोठा खर्च काढला, तर दुसऱ्याने ‘नुसता पंप बदलून देतो, बेल्टला काही झालेले नाही’ असे सांगितले. मे महिन्यात नणंदेच्या मुलीचे लग्न पुण्यात आहे. कोणाचे ऐकावे? आणि लग्न आटोपेपर्यंत पाणी घालत गाडी चालवली, तर चालेल का?
— एक वाचक, होटगी रस्ता, सोलापूर

(गाडीची कंपनी आणि दोन्ही गॅरेजांची नावे पत्रात होती; ती येथे गाळली आहेत. उत्तर समजण्यासाठी एवढे पुरेसे आहे, की या गाडीच्या इंजिनात कूलंट फिरवणारा वॉटर पंप टायमिंग बेल्टवर, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्या हालचालींचा मेळ राखणाऱ्या दातेरी रबरी पट्ट्यावर, फिरतो.)

उत्तर : दिरांची शंका आधी निकालात काढू. एसीचे पाणी हवेतील बाष्पाचे असते. ते रंगहीन आणि वासहीन असते, एसी चालू असताना किंवा नुकता बंद केल्यावरच ठिबकते, आणि वाळल्यावर फरशीवर काही मागे ठेवत नाही. आपल्या डागाला रंग आहे आणि बाटलीतील पातळीही सोबत उतरते आहे, तेव्हा ते कूलंटच आहे.

मात्र कूलंट गळते आहे म्हणजे पंपच गेला, असे लगेच धरून चालू नये. त्याच बाजूला खालच्या होज पाइपची क्लिप असू शकते, थर्मोस्टॅटच्या (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) घराचे गॅसकेट असू शकते, किंवा रेडिएटरच्या ॲल्युमिनियमच्या गाभ्याला प्लॅस्टिकची टाकी जेथे दुमडून बसवलेली असते तो सांधाही असू शकतो. या तिन्ही ठिकाणची दुरुस्ती पंपाच्या मानाने किरकोळ आहे. दोन्ही गॅरेजांनी आपल्याला निदान सांगितले, पण ते कशावरून केले हे पत्रात कोठेच आलेले नाही, आणि आमच्या मते पहिला प्रश्न तोच विचारायला हवा.

पंपाची रचना समजली, तर तपासणी कशी करायची हेही कळते. घराच्या पाण्याच्या मोटारीत असतो तसाच पात्यांचा एक पंखा येथेही असतो. त्याचा दांडा बेअरिंगमधून बाहेर येतो आणि बाहेरच्या टोकाला पुली असते, जी बेल्टमुळे फिरते. पाणी आणि बेअरिंग यांच्यामध्ये एक यांत्रिक सील असते. त्यात बहुधा कार्बनची एक आणि सिरॅमिकची एक, अशा दोन गुळगुळीत चकत्या स्प्रिंगच्या दाबाने एकमेकींवर घासत फिरतात आणि त्यांच्यामध्ये कूलंटची अतिशय पातळ फिल्म वंगणाचे काम करते. ही चकती झिजली किंवा तिच्यावर चरा पडला, की पाणी बेअरिंगकडे सरकू लागते. ते बेअरिंगमध्ये शिरून त्यातील ग्रीस धुऊन जाऊ नये, म्हणून सील आणि बेअरिंग यांच्या मधोमध पंपाच्या अंगाला खालच्या बाजूस एक बारीक छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. कूलंट त्या छिद्रातून बाहेर येऊ लागले, म्हणजे सील संपले. हे छिद्र एम-सीलने बुजवून देणारे मिस्त्री आम्ही पाहिले आहेत. तसे केल्यास गळती थांबल्यासारखी वाटते, पण पाणी बेअरिंगमध्ये जाते आणि थोड्याच दिवसांत दांडा डुगडुगू लागतो. ज्या इंजिनात हाच दांडा टायमिंग बेल्ट पेलतो, तेथे या उपायासारखा धोका दुसरा नाही.

तपासणी इंजिन पूर्ण थंड असताना, म्हणजे सकाळीच करावी. त्याला दोन कारणे आहेत. गरम इंजिनावर पडलेला थेंब जागीच वाळून जातो आणि दिसत नाही. शिवाय थंड झाल्यावर धातू आकसतो, त्यामुळे झिजलेले सील बऱ्याचदा रात्रीच सुटते. मिस्त्रीला सांगून टायमिंगच्या प्लॅस्टिक कव्हरचा वरचा भाग काढून घ्यावा आणि टॉर्च लावून स्वतः पाहावे. सील गेलेल्या पंपाखाली ओला ओघळ असेलच असे नाही. बऱ्याचदा तेथे वाळलेल्या कूलंटचा पापुद्रा असतो. त्याच्या कडा पांढरट, मधला भाग गुलाबी आणि टोक खाली निमुळते झालेले दिसते, नखाने खरवडल्यास तो रव्यासारखा सुटतो आणि बोटांना किंचित चिकट लागतो. त्यानंतर रेडिएटरच्या किंवा बाटलीच्या तोंडावर बसणारा हातपंपाचा प्रेशर टेस्टर लावून, झाकणावर जेवढा दाब छापलेला असेल तेवढाच दाब द्यावा आणि पंधरा-वीस मिनिटे काटा पाहावा. काटा उतरला आणि छिद्रातून थेंब आला, तर वाद मिटला. काटा उतरला पण थेंब कोठेच दिसला नाही, तर प्रकरण हेड गॅसकेटपर्यंत, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचे हेड यांच्यामधील पॅकिंगपर्यंत, जाऊ शकते. अशा वेळी ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर आहे का, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो का आणि इंजिन चालू असताना कूलंटच्या बाटलीत सतत बुडबुडे उठतात का, हे पाहिल्यावाचून पंपाला हात लावू नये.

सासऱ्यांच्या हळदीविषयी आदर राखूनच लिहितो. तांब्या-पितळेच्या जुन्या, रुंद नळ्यांच्या रेडिएटरला सुईएवढे छिद्र पडले, तर हळदीची पूड तेथे जाऊन अडकत असे आणि ट्रक मुक्कामाला पोचत असे. ते खोटे नाही. मात्र पंपाचे सील म्हणजे फिरत्या दोन चकत्यांमधील फट असते, आणि तेथे पूड गेली तर ती फट बुजत नाही, उलट चकती आणखी घासली जाते. आताच्या रेडिएटरच्या आणि हीटरच्या नळ्या इतक्या अरुंद असतात, की ती पूड नको तेथेच साचते. बाजारात बाटलीतून मिळणाऱ्या गळतीरोधक द्रावणांबाबतही आमचे मत हेच आहे.

आता दोन गॅरेजांकडे वळू. गळती पंपाचीच निघाली, तर पहिल्या गॅरेजचे म्हणणे बरोबर आहे, आणि त्याचा आकडा मोठा असला तरी आपल्या गाडीसाठी तोच खरा काटकसरीचा ठरतो. पंपापर्यंत पोचण्यासाठी इंजिनाला आधार देऊन बाजूचे माउंटिंग सोडवणे, बाहेरचा बेल्ट आणि क्रँकची पुली काढणे, कव्हर उतरवणे आणि टायमिंग बेल्ट सोडणे, एवढे सारे करावेच लागते. टायमिंग बेल्ट बदलण्यासाठीही नेमके हेच करावे लागते. म्हणजे मजुरी एकच आहे आणि फरक पडतो तो फक्त बेल्ट, टेन्शनर आणि आयडलर (बेल्टला ताण आणि वळण देणारी चाके) यांच्या किमतीचा. आपला बेल्ट दहा वर्षांचा आहे. रबर किलोमीटरने जसे झिजते तसे वयानेही कडक होते, म्हणूनच कंपन्या बेल्टसाठी किलोमीटर आणि वर्षे अशा दोन्ही मर्यादा देतात आणि त्यांपैकी जी आधी येईल ती धरायची असते. त्यातच गळणारे कूलंट बेल्टवर उडाले असण्याची शक्यता आहे, आणि ग्लायकोलने (कूलंटमधील मुख्य रसायनाने) भिजलेला बेल्ट पुसून परत बसवणे कोणत्याही जाणकाराला पटणार नाही. अशा इंजिनात बेल्ट तुटला किंवा दोन-चार दात सरकला, तर पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात, व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड उतरवावे लागते. ‘बेल्टला काही झालेले नाही’ हे वाक्य बेल्ट तुटण्याच्या आदल्या दिवशीही खरेच असते.

हा सल्ला सरसकट सर्व गाड्यांना लागू नाही, हेही सांगितले पाहिजे. काही गाड्यांच्या इंजिनात टायमिंगसाठी बेल्टऐवजी चेन असते आणि पंप बाहेरच्या बेल्टवर फिरतो. तेथे पंपासाठी टायमिंगला हात लावण्याची गरज नसते, आणि कोणी तसा खर्च काढला तर तो नाकारावा.

सुट्या भागांत पंप, बेल्ट, टेन्शनर आणि आयडलर हे एकाच विश्वासू बनावटीच्या संचातून घ्यावेत. पॅकिंग आपल्यासमोर उघडायला सांगावे, जुने भाग परत मागून घ्यावेत आणि पक्के बिल घ्यावे. बनावट सुट्या भागांवर यापेक्षा सोपी खबरदारी आम्हाला माहीत नाही. जुना पंप नवीन सील आणि बेअरिंग ठोकून ‘रिपेअर’ करून घेण्याचा मार्ग ट्रक-ट्रॅक्टरच्या वॉटर बॉडीला (त्यांच्या वॉटर पंपाला) चालत आला आहे, परंतु टायमिंग बेल्टवरच्या पंपाला तो अजिबात वापरू नये.

हे काम घरी करता येईल का, असे आपण विचारलेले नाही, पण हौशी वाचक विचारतील म्हणून लिहितो. बाहेरच्या बेल्टवरचा पंप हातात कसब असलेला माणूस घरी बदलू शकतो. टायमिंगवरचा पंप मात्र क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट (अनुक्रमे पिस्टनला आणि व्हॉल्व्हना जोडलेले दांडे) जागच्या जागी अडकवून ठेवणाऱ्या लॉकिंग पिना असल्याशिवाय सोडू नये. काही इंजिनांत क्रँकच्या दातेरी चाकाला चावीची खाच नसते आणि बोल्ट सैल होताच ते चाक आपल्या जागेवरून फिरू शकते. खडूने खुणा करून काम भागवणारा मिस्त्री कितीही जुना असला, तरी या कामासाठी आपण दुसरा शोधावा.

गॅरेजमध्ये उभे राहण्याइतका वेळ असेल, तर चार गोष्टींवर नजर ठेवावी. पंप जेथे बसतो तो ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग जुन्या गॅसकेटपासून साफ करताना लोखंडी पटाशी किंवा खरखरीत चकती वापरू दिली जाऊ नये, कारण तेथे पडलेला चरा पुढे गळतीची वाट होतो. रबरी रिंग किंवा गॅसकेट असलेल्या पंपाला कंपनीने सांगितले नसेल तर वरून सिलिकॉनचा थर लावू नये. जास्तीचे सिलिकॉन आत तुटून रेडिएटरमध्ये जाते. पंपाचे बोल्ट बारीक असतात आणि त्यांचे आटे ॲल्युमिनियममध्ये असतात, तेव्हा ते टॉर्क पान्याने, समोरासमोरच्या क्रमाने आणि पुस्तिकेतील आकड्यानुसार आवळले जावेत. सहा मिलिमीटरच्या बोल्टला साधारण १० न्यूटन मीटरच्या आसपासचा ताण पुरतो आणि हाताच्या अंदाजाने तो सहज ओलांडला जातो. बेल्ट चढवल्यानंतर पिना काढून, इंजिन हाताने पान्याने पूर्ण दोन फेरे फिरवावे आणि खुणा, पिना पुन्हा जुळतात का ते पाहावे. ही शेवटची पायरी गाळून थेट स्टार्टर मारणारा माणूस आपल्या पैशांवर जुगार खेळत असतो.

आता कूलंटविषयी, कारण सोलापुरात या पंपांचे आयुष्य बव्हंशी येथेच कमी होते. आपण चार-पाच दिवसांनी पाणी घातले असे लिहिले आहे. ते कोणते, हे लिहिलेले नाही. नळाला रोज पाणी येत नसल्यामुळे आपल्या शहरात बोअरचे पाणी हाताशी असते आणि गाडीतही तेच जाते. ते जड असते. स्वयंपाकघरातील पातेल्यात आणि गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर धरतो, तोच इंजिनाच्या जॅकेटमध्ये (सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या वाटांत) धरतो, त्याचे कण सुटून सीलच्या चकत्यांमध्ये शिरतात आणि चरे पाडतात. शिवाय प्रत्येक वेळी घातलेल्या पाण्याने आधीच्या कूलंटमधील गंजरोधक घटक पातळ होतात. ‘आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग अँटिफ्रीझ कशाला’ हा युक्तिवाद येथे वारंवार ऐकू येतो; अँटिफ्रीझ म्हणजे कूलंटमधील हेच ग्लायकोल. साधे पाणी १०० अंशांच्या आसपास उकळते, ग्लायकोल आणि पाण्याचे निम्मे-निम्मे मिश्रण सुमारे १०७ अंशांना, आणि १.१ बारचे झाकण घट्ट असेल तर तेच मिश्रण १२५ अंशांच्या पुढेपर्यंत तग धरते. एप्रिल-मे महिन्यांत येथे पारा ४० अंशांच्या वर जातो. कूलंट ९० अंशांवर आहे असे धरले, तर बाहेर २५ अंश असताना रेडिएटरला ६५ अंशांचा फरक मिळतो, आणि बाहेर ४२ अंश असताना केवळ ४८ अंशांचा. म्हणजे उष्णता बाहेर टाकण्याची त्याची ताकद जवळपास एक चतुर्थांशाने घटते. त्यात सात माणसे, सामान, एसी आणि तुळजापूरचा घाट धरला, म्हणजे कूलंटचा मुद्दा बर्फापेक्षा उकळण्याशी किती निगडित आहे हे लक्षात येईल.

पंप बदलताना सारे जुने द्रव काढून, डिस्टिल्ड पाण्याने आतील भाग धुऊन, पुस्तिकेत दिलेल्या प्रतीचेच कूलंट भरावे. रंगावरून प्रत ठरत नाही. दोन कंपन्यांची गुलाबी कूलंटे रसायनाने वेगळी असू शकतात. भरताना सावकाश भरावे, हीटर पूर्ण गरम करून ठेवावा, हवा काढण्याचा स्क्रू असेल तर तेथून बुडबुडे थांबेपर्यंत हवा जाऊ द्यावी आणि पंखा एकदा सुरू होऊन थांबेपर्यंत इंजिन चालवावे. पंप कोरडा फिरवून ‘आवाज येतो का पाहू’ म्हणणे टाळावे, कारण त्या नव्या सीलला वंगण असते ते कूलंटचेच. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर पातळी पुन्हा पाहावी. थोडी उतरलेली असल्यास ती अडकलेल्या हवेमुळे असते. काढलेले जुने कूलंट अंगणात किंवा गटारात ओतू देऊ नये. ते गोड लागते, कुत्री-मांजरे ते चाटतात आणि ते विषारी असते. घरात लहान मुले असतील तर डबाही उघडा ठेवू नये.

राहिला पुण्याच्या लग्नाचा प्रश्न. पुणे सुमारे २५० किलोमीटर आहे आणि दिवस मेचे आहेत. गळका पंप घेऊन हा प्रवास करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. सील किती दिवस असेच ठिबकेल आणि बेअरिंग केव्हा जाईल, हे बाहेरून सांगता येत नाही. ‘काट्यावर लक्ष ठेवू’ हा भरवसाही अपुरा आहे. कूलंट सेन्सरच्या खाली उतरले, की सेन्सर नुसत्या वाफेत राहतो आणि इंजिन भाजत असताना काटा मध्यावर किंवा त्याखालीही दिसू शकतो. दुरुस्ती लग्नाच्या किमान पंधरवडाभर आधी करून घ्यावी, म्हणजे काही राहिले असल्यास ते अक्कलकोटच्या फेरीत कळेल, टेंभुर्णीच्या पुढे नव्हे. तोवर गाडी न्यावीच लागली तर शहरापुरती न्यावी आणि पातळी रोज सकाळी पाहून डिस्टिल्ड पाणीच घालावे. वाटेत काटा चढू लागलाच, तर एसी बंद करून हीटर पूर्ण वेगाने चालू करावा, जागा मिळताच थांबावे, इंजिन बंद करावे आणि ते हाताला सोसवेल इतके निवेपर्यंत झाकणाला हात लावू नये. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतल्याने हेड वाकते किंवा तडकते.

प्रश्न : उन्हाळ्यात गाडी गरम होऊ नये म्हणून आमच्या मिस्त्रीने थर्मोस्टॅट काढून टाकला आहे. हे योग्य आहे का?
— एक वाचक, पंढरपूर

उत्तर : योग्य नाही. थर्मोस्टॅट इंजिन ठरावीक तापमानाला आणतो आणि तेथेच ठेवतो. तो नसला तर इंजिन थंड चालते, डिझेल जास्त जळते आणि इंजिनाची झीज वाढते. काही इंजिनांत तोच थर्मोस्टॅट बायपासची वाट बंद करीत असतो. तो काढल्यावर बरेचसे गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जाते, म्हणजे ज्या कारणासाठी तो काढला त्याच्या उलट घडते. गाडी गरम होत असेल तर रेडिएटरची बाहेरची जाळी धुळीने भरली आहे का, पंखा वेळेवर सुरू होतो का आणि झाकण दाब धरते का, हे आधी पाहावे. थर्मोस्टॅट अडकत असेल तर नवीन बसवावा. सुट्या भागांत तो स्वस्तांपैकी आहे.

प्रश्न : नवीन वॉटर पंप बसवल्यानंतर छिद्रापाशी किंचित ओल दिसते. पंप सदोष आहे का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : पहिल्या काही तासांच्या चालण्यात सीलच्या दोन चकत्या एकमेकींवर बसेपर्यंत छिद्रापाशी किंचित ओल किंवा फिकट डाग दिसू शकतो आणि तो आपोआप थांबतो. डाग पुसून टाकावा, बाटलीवर पेनने पातळीची खूण करावी आणि आठवडाभर रोज थंड इंजिनावर पाहावे. खूण हलली नाही तर काळजीचे कारण नाही. थेंब पडू लागले किंवा पुलीजवळ घरघर ऐकू आली, तर गाडी चालवणे थांबवून पंप वॉरंटीत बदलून मागावा आणि मजुरी कोण देणार हेही त्याच वेळी गॅरेजकडून बिलावर लिहून घ्यावे, कारण वॉरंटी बहुधा फक्त सुट्या भागाचीच असते.